अर्धा आत, अर्धा बाहेर

मित्रांनो, मी कोण आहे असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी जुना आहे, एवढं मात्र खरं. बारा फूट रुंद, चार फूट उंच, आकार गोल. बाहेरून लोखंडी पत्रा आणि आतून निळं प्लास्टिक. कारखान्यात मला पोहण्याचा हौद म्हणत. ज्या खोक्यात घालून मला पाठवलं, त्यावर माझं चित्र होतं. हिरवळीवर मी ऐटीत उभा आणि शेजारी पांढरी शिडी. जमिनीवर उभं राहायचं, जमिनीत शिरायचं नाही, हे त्या चित्रावरून मी पक्कं समजून होतो. पुढे जे झालं ते त्या चित्रात कुठेच नव्हतं.

माझी पहिली पाच वर्षं धरणाच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर गेली. शनिवारी-रविवारी पुण्याहून मुलं यायची, धपाधप उड्या मारायची, माझं कौतुक करायची. मग मालकांनी सिमेंटचा मोठा तलाव बांधला आणि मला सुटा करून गोदामामागे टाकलं. दोन पावसाळे मी तिथे पडून होतो. कोंबड्या खुशाल अंगावर बसत. माझं काय चुकलं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मलाही कळलं नाही.

एक दिवस रिसॉर्टची जीप चालवणारा अमृत मालकांना म्हणाला, "साहेब, हा हौद मी नेऊ का? वडलांसाठी पायजे." मालक हसले आणि हो म्हणाले. मीही चकित झालो. वडील माणसं पोहायला लागली की काय!

टेम्पोत बसून मी वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासली गावी आलो. अमृतच्या घरामागच्या परसात माझे पत्रे उतरवले, तेव्हा शेजारच्या साळूबाईंनी विचारलं, "ही टाकी का वं?" अमृतच्या आई ठकुबाई म्हणाल्या, "न्हाई वं, तळं हाय." मी आणखीच गोंधळलो.

खरी गोष्ट हळूहळू समजली. अमृतचे वडील चिमाजीबाबा भातकापणीच्या वेळी बांधावरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण बाबांचा पायावरचा विश्वास उडाला. ते दिवसभर मागच्या ओटीवर बाजेवर बसून असत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीभर पाण्यात रोज चाला, पाण्यात शरीर हलकं होतं, पाय पुन्हा शिकतो. चार महिन्यांत चालले नाहीत तर मग कायमचे बसतील, असंही सांगितलं होतं. नदीत दगड निसरडे. विहिरीत उतरायची सोय नाही. म्हणून मी.

पण मला उभं केल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझी भिंत चार फूट उंच. बाबा शिडी चढणार कसे? "मग पुरता पुरून टाकू," अमृत म्हणाला. तेव्हा त्याची बायको मंगल दारातून बोलली, "पुरता पुरला तर मामांना जमिनीवर बसून उतरावं लागंल. उठवंल कोण? अर्धाच पुरा. बाज हाय तेवढी कड वर ठिवा. कडेवर बसायचं आन् पाय आत घ्यायचे." तिने सुतळीने बाजेची उंची मोजून दिली. बाजेएवढा बाहेर, बाकीचा आत! कारखान्यात कोणाला हे सुचलं नसतं.

दोन फूट खोल गोल खड्डा खणला गेला आणि मला त्यात बसवलं. आता भोवतीची फट भरायची होती. अमृत म्हणाला, "खडी टाकू. पाणी निचरून जाईल." चिमाजीबाबा बाजेवरूनच गरजले, "खडी कशाला? खाचराची चिकण माती आणा. भिजवा, तुडवा, चोपा. म्या पन्नास वरसं बांध घातलेत, एक फुटला न्हाई. मला शिकवतोस व्हय?" ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. त्या आनंदात कोणी वाद घातला नाही. माझ्याभोवती भाताच्या खाचराचा बांध घालावा तशी माती तुडवून तुडवून बसवली. अंगाला घट्ट मिठी मारल्यासारखं वाटलं. मला ते आवडलंसुद्धा. चूक तिथेच झाली होती, पण ती ना त्यांना दिसली ना मला.

मार्चपासून बाबांचं चालणं सुरू झालं. पहिल्या दिवशी ते उतरेचनात. अर्ध्या चड्डीत सुनेसमोर कसं यायचं? आणि अमृत पहाटेच कामावर जायचा. ठकुबाईंना पाण्याची भीती, त्या कडेला हात लावायला तयार नाहीत. शेवटी मंगलने तोड काढली. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर सारखा करून म्हणाली, "मामा, म्या काय बघत न्हाई. नुसता पाण्याचा आवाज ऐकती. चाला तुमी." पाणी डुबुक वाजलं की ती मोठ्याने आकडा म्हणायची. एक. दोन. तीन. मध्येच आवाज थांबला की तिचा श्वास थांबायचा, पण ती वळायची नाही. "चला मामा, चार कुठं ऱ्हायला?" असं म्हणायची. मित्रांनो, माझ्यात कितीतरी मुलं पोहून गेली, पण असा पोहण्याचा तास मी कधी पाहिला नव्हता. पोहणं नाहीच म्हणा ते.

मे संपेपर्यंत बाबा माझ्यात दोनशे पावलं चालू लागले. बाहेर मात्र काठी घेऊनही पाच पावलांवर थबकत. पाण्यात जमतं ते जमिनीवर का जमत नाही, हे त्यांना कळेना. मला तरी कसं कळावं? मी स्वतः जमिनीवर होतो की जमिनीत, याचाच मला पत्ता नव्हता.

जूनच्या सुरुवातीला घराघरातली पिंपं आणि हंडे पालथे घालून घासतात. तशी इकडची पद्धतच आहे. त्याच झपाट्यात अमृतने मलाही उपसून कोरडा केला. "पावसात शेवाळं धरतंय. आठ दिवसांनी पुना भरू," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा रिकामा झालो आणि मला उगाचच धाकधूक वाटू लागली.

मग पाऊस लागला. आमच्या डोंगरातला पाऊस म्हणजे तुम्हाला काय सांगू! उतारावरचं पाणी परसात आलं, त्या तुडवलेल्या मातीत शिरलं आणि तिथेच कोंडलं. चिकण माती पाणी सोडते कशाला! तिसऱ्या दिवशी सकाळी ती फुगली आणि मला बाहेरून रेटू लागली. आतून मला धरायला काहीच नव्हतं. कडकन आवाज झाला. दोन बोल्ट तुटले आणि माझी डोंगराकडची भिंत वीतभर आत वाकली.

सगळे धावले. अमृतची त्या दिवशी सुट्टी होती. तो ओरडला, "आबा, तुमच्या चिखलानं वाट लावली!"

"माझ्या चिखलानं? हौद रिकामा कुणी केला? तू!" चिमाजीबाबा ओटीवरून कडाडले.

"खडी टाकू म्हटलं तर ऐकलं न्हाई."

"पन्नास वरसं बांध घातलेत म्या!"

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटेना. चूक माझीच असेल, असंही मला वाटून गेलं. तेवढ्यात माझी भिंत आणखी कुरकुरली. मंगल मोटारीची नळी ओढत आली. "भांडा मागनं! आदी आत पाणी सोडू, म्हंजी भितीला आतनं टेकू मिळंल. पर मामा, बाहेरचं पाणी कसं काढायचं?"

बाबा मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "तोंड! बांधाला तोंडच ठिवलं न्हाई म्या!"

खाचराच्या बांधाला जास्तीचं पाणी जाण्यासाठी तोंड ठेवतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पन्नास वर्षं बांध घालणारा माणूस नेमकं तेच विसरला होता. बाबा उठले. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि भर पावसात परसात उतरले.

"अवं काठी! काठी घ्या!" ठकुबाई ओरडत होत्या. बाबांनी ऐकलं नाही. अमृत धरायला धावला, तर मंगलने त्याचा हात ओढला. चिखलातून, उतारावरून, एकेक पाय टाकत बाबा माझ्यापर्यंत आले. खालच्या अंगाला त्यांनी फावडं घातलं. एक घाव, दोन घाव, आणि लाल पाणी भसकन बाहेर पडलं. आतून मंगलचं पाणी चढत होतं, बाहेरून कोंडलेलं उतरत होतं. माझी भिंत हळूहळू मागे सरकली. पुरती सरळ मात्र झाली नाही.

बाबा फावड्यावर रेलून धापा टाकत होते. सगळ्यांदेखत ते मुलाला म्हणाले, "अमृत, चुकी माझी हाय. तुझं ऐकायला पायजे हुतं." त्या घरात असं वाक्य पूर्वी कोणी ऐकलं नसावं. मग बाबांनी माझ्या वाकलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "लई लागलं का रं?"

मित्रांनो, मी अजून तसाच आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर आणि एका अंगाने वाकडा. साळूबाई मला अजूनही टाकीच म्हणतात. माझी एवढीच विनंती आहे. पाणी कोंडू नका, त्याला जायला वाट ठेवा. माझ्यासारख्याला पावसाळ्यात रिकामं ठेवू नका. आणि काही मोडलं, वाकलं, तर चूक कोणाची हे ठरवण्याआधी त्याच्या अंगावर एकदा हात ठेवून बघा. बाबांना उत्तर द्यायला मला तोंड नाही. असतं तर म्हणालो असतो, हो बाबा, लागलं. पण तुम्ही चालत आलात ना!