ऑर्वेनचा तिसरा भाग

"तिसराच," बुद्धरत्न म्हणाला. "किती डाव विचारलास तरी तिसराच म्हणीन मी."

पिराप्पाने कीबोर्डवरचे हात काढले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तिसरा? अरं, त्यात कथाच न्हाई. नुसतं हिंडायचं. पैल्या भागासारखा भाग झाला न्हाई आन् होणार बी न्हाई."

समोरच्या पडद्यावर अर्धवट टाईप केलेलं कार्ड होतं. कालकथित नरसिंग यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, रविवारी, निंबर्ग्याच्या बुद्धविहारात. बुद्धरत्नचे वडील जाऊन चार दिवस झाले होते. खेळावर वाद घालायची ही वेळ नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. पण सहा वर्षांनी समोरासमोर बसल्यावर दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. कधी गेले, काय झालं होतं, हे विचारून झालं. किडन्या गेल्या होत्या, कलबुर्गीला नेलं, परत आणलं. मग दोघंही गप्प झाले, आणि त्या गप्पपणाला घाबरून पिराप्पाने जुना विषय काढला.

आळंदच्या तहसील कचेरीसमोर पिराप्पाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. माणसं खिडकीशी उभी राहून नाव, गाव, बापाचं नाव सांगत आणि तो कन्नडमध्ये, मराठीत, लागलं तर इंग्रजीत टाईप करून देई. रोज सकाळी निंबर्ग्याहून यायचं, संध्याकाळी परतायचं. अकरा वर्षं हेच चाललं होतं. त्या कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात ऑर्वेन होतं, हे गिऱ्हाइकांना माहीत असायचं कारण नव्हतं.

ऑर्वेन हा कॉम्प्युटरवरचा खेळ. तलवारी, रानं, उद्ध्वस्त राज्य. आपण एका माणसाचं सोंग घ्यायचं आणि त्याचं आयुष्य जगायचं. हळूहळू बळ कमवायचं, सोबती जोडायचे, मजल दरमजल करत राजधानी गाठायची. सत्त्याण्णव साली गुरुपादय्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन मशिनी होत्या आणि पोरं अकरा. एका मशीनवर तिघं-चौघं बसत. पिराप्पा आणि बुद्धरत्न एकाच गावचे, पण पिराप्पाची धनगरगल्ली गावाच्या वरच्या अंगाला आणि बुद्धरत्नचं घर विहाराकडच्या टोकाला. तोवर एकमेकांना तोंडओळखीपुरतंच जाणत होते. क्लासमध्ये एका बाकावर आले आणि जुळलं ते जुळलंच.

सकाळी वर्ग झाडून काढायच्या बोलीवर गुरुपादय्या त्यांना तासभर मशीन देत. खांद्याला खांदा लावून दोघं बसत. चालवायची बटणं पिराप्पाकडे, तलवारीचं बटण बुद्धरत्नकडे, आणि मांडीवर डिक्शनरी. कॉलेजात जे इंग्रजी डोक्यात शिरलं नाही ते ऑर्वेनने शिकवलं. शपथ, तह, वारस, दगा. असले शब्द दोघांना आधी आले. रजेचा अर्ज लिहिणं मागाहून.

पुढे बुद्धरत्न बेंगळूरला गेला. नव्या भागाची सीडी निघाली की तो पोस्टाने पाठवायचा आणि मग ईमेलवर भांडण सुरू व्हायचं. दुसरा भाग दोघांनाही नावडता. तळघरातून तळघरात नुसता शिरत राहणारा. चौथ्यातली चित्रं बघत राहावीत अशी, पण गावं ओसाड, एकाही घराचं दार उघडत नाही. पाचव्याला इंटरनेट लागायचं आणि आळंदच्या लाईनवर तो दोन पावलं टाकून अडकून बसायचा. राहिले पहिला आणि तिसरा. त्यावर दहा वर्षं वाद चालला होता, आणि पिराप्पाला तो मनापासून आवडायचा. आपल्याला अजून कुणीतरी विरोध करतंय, याचाच त्याला आधार वाटायचा.

"पैल्यात आपून काय नव्हतो सांग," पिराप्पा म्हणाला. "तीन गावं, एक रान, पण जीव होता त्यात. लोहाराचा पोरगा आन् त्याचा जोडीदार डॉर्न. मरायला टेकलं तरी डॉर्न सोडून जात न्हाई. असा दोस्त कंच्या भागात हाय दुसऱ्या?"

"राजवाड्याच्या फाटकावर काय होतंय, आठवतंय?"

"पहारेकरी असतोय. कुणाचा कोण, विचारतोय."

"लोहाराच्या पोराला आत सोडतोय. कामून? तर त्यो राजाचा नातू निघतोय. आन् डॉर्न?"

"डॉर्न भाईर थांबतोय."

"किती येळ?"

पिराप्पा हसला. "आपून आत जेवणं-बिवणं आटपून येस्तोवर. त्यात काय? तेवढी कथाच हाय."

बुद्धरत्न हसला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, दाढी वाढली होती. तो पडद्यावरच्या बापाच्या नावाकडे बघत बोलत होता.

"तू आत दिवाणखान्यात फिरायचास, ह्येच्याशी बोल, त्येच्याशी बोल. मला त्यो फाटकावरला दिसायचा न्हाई, पण ठाऊक असायचं, तिथंच उभा हाय म्हणून. तिसऱ्यात कथा न्हाई म्हणतोस ना? बरोबर हाय तुझं. तिसऱ्यात फाटकावर नाव विचारतात, मी लिवतो, दार उघडतंय. बस्स. गाव कंचं, बाप काय करतोय, कायबी न्हाई. पैल्या दिवशी मी तीन खेपा केलो, पिऱ्या. भाईर गेलो, परत आत आलो. उघडतंय का बघायला."

"अरं, खेळ हाय त्यो."

"व्हय. खेळच हाय." बुद्धरत्न म्हणाला. "तुळजाच्या लग्नात खेळ नव्हता."

खिडकीशी एक म्हातारा कागद घेऊन उभा राहिला. "जरा थांबा अण्णा," पिराप्पा म्हणाला.

तुळजा म्हणजे पिराप्पाची धाकटी बहीण. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न निंबर्ग्यात झालं. लग्नपत्रिका बुद्धरत्नने केली होती. तीन दिवस तो मांडवात राबत होता. वायरी ओढल्या, लाउडस्पीकर बांधला, पाहुण्यांना जीपमधून उतरवून घेतलं. दुपारी पंगत बसली तेव्हा पिराप्पाच बोलला, "बस रं आता, सकाळपसून उपाशी हैस." तो बसला. पान मांडलं गेलं, पानावर मीठ आलं, कोशिंबीर आली. आणि कल्लप्पा मामा पाठीमागून आला. ओरडला नाही, काही नाही. नुसता वाकून म्हणाला, "तुझं पान तिकडं मांडलंय, मांडवाच्या मागं." बुद्धरत्न उठला. त्या ओळीत चार पानं अलीकडे पिराप्पा होता, हातात गव्हाच्या गोड हुग्गीची बादली. त्याने पाहिलं. मग मान खाली घातली आणि पुढच्या पानावर वाढलं.

बारा वर्षं त्याने स्वतःची समजूत घातली होती, की आपण पाहिलं हे बुद्धरत्नला कळलं नसेल. मांडवात गर्दी होती, गोंधळ होता.

"तू बघितलास," बुद्धरत्न म्हणाला. "आन् तू बघितलास ते मी बघितलो. मामाचं मला काय न्हाई. मामा म्हातारा माणूस, त्याचं काय घेऊन बसायचं. आठ दिसांनी मी बेंगळूरला गेलो. तुला वाटतंय नोकरीसाठी गेलो. नोकरी नंतर लागली."

पिराप्पाजवळ उत्तरं होती. नवऱ्याकडची माणसं समोर बसली होती. लग्न मोडलं असतं. आपण एकवीस वर्षांचे होतो. ही सगळी उत्तरं त्याने कितीदा तरी मनात घोळवली होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"व्हय," बुद्धरत्न म्हणाला. त्याने पडद्याकडे बोट केलं. "नरसिंगच्या पुढं बापाचं नाव राहिलंय. घाल. आन् पन्नास कार्डं काढ."

कार्डं निघाली. निघताना बुद्धरत्नने त्यातलं एक परत टेबलावर ठेवलं, खिशातला पेन काढून वर लिहिलं, श्री. पिराप्पा व परिवार.

"परिवार म्हंजी अव्वा बी आली," पिराप्पा म्हणाला.

"ते तू बघ."

रविवारी पिराप्पाची बायको माहेरी होती. घरात तो आणि त्याची आई पद्माबाई. सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने कार्ड पुढे केलं. पद्माबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"नरसिंग गरीब माणूस होता," ती म्हणाली. "आपल्या हिरीचं कडं त्यानंच बांधलं. मयताच्या घरी जायचं असतंय. जाऊ."

"जेवान बी हाय, अव्वा."

पुढ्यातली भाकरी तिने दुधात कुस्करली, खाल्ली, आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

विहारासमोर मांडव होता. आत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, बाजूला नरसिंगचा फोटो; ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून जरा धुरकट. वंदना झाली, सगळे उभे राहिले तशी पद्माबाईही उभी राहिली. दोघं-चौघं नरसिंगबद्दल बोलले. रस्त्याच्या कामावर तीस वर्षं डांबर टाकलं आणि दोन्ही पोरींना, पोराला शिकवलं, असं कुणीतरी म्हणालं. बुद्धरत्न बोलायला उठला, दोन वाक्यं बोलला आणि बसला.

मग जेवणाची ओळ बसली. पिराप्पा वाढायला म्हणून बादलीकडे गेला, तर एका तरुणाने ती अदबीने काढून घेतली. "तुमी बसा. पाव्हणं तुमी." तो आईशेजारी बसला. पत्रावळीवर पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी, भात, वरण. बुद्धरत्न वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आला आणि पद्माबाईने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मला नगं, बाळा. ऐतवार हाय. खंडोबाचा उपास असतोय माझा."

बुद्धरत्नचा हात तसाच राहिला. शेजारच्या बाईने मान दुसरीकडे वळवली. ओळीतल्या दोघा-तिघांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. हे असं दाखवायची त्यांना सवय असावी.

"अव्वा," पिराप्पा म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "उपास न्हाई तुझा. सकाळी भाकर खाऊन आलीस तू. मी समोर होतो."

सगळी ओळ थांबली. पद्माबाईचा चेहरा उतरला. सत्तरीच्या बाईला तिच्याच पोराने चारचौघांत खोटं पाडलं होतं. पिराप्पाला एकाच वेळी हलकं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंतीशी बसलेली शोभाबाई, नरसिंगची बायको, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि येऊन पद्माबाईशेजारी टेकली. "राहू दे पिराप्पा," ती म्हणाली. "दुखाच्या घरात कुणाला जेवायची बळजोरी करू न्हाई. अक्का आल्या, बसल्या, लई झालं." मग पद्माबाईकडे वळून, "च्या तरी घेता का, अक्का?"

पद्माबाईने तिच्याकडे पाहिलं. शोभाबाईचे हात मोकळे होते. बांगड्यांच्या जागी मनगटावर फिकट वळ उरले होते. पद्माबाई त्या मनगटांकडे बराच वेळ बघत राहिली. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या मनगटांचंही असंच झालं असणार. मग तिने पत्रावळीवरचा हात काढला. बुद्धरत्नने वाढलं. तिने पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. हळू हळू चावत राहिली.

"तिखट कमी हाय," ती म्हणाली.

"त्यास्नी चालत नव्हतं शेवटी शेवटी," शोभाबाई म्हणाली. "हात तसाच बसलाय आता."

पद्माबाईने मान हलवली. दुसरा तुकडा मोडला. पोराकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

उन्हं उतरली तशी माणसं पांगली. विहाराच्या पायरीशी बुद्धरत्न त्यांना निरोप द्यायला उभा होता. सकाळी त्याला परत निघायचं होतं. बेंगळूरला पोरगी वाट बघत होती.

"तिसरा भाग मी पुरा खेळलोच न्हाई," पिराप्पा म्हणाला. "धा वर्षं उगंच भांडायलो तुझ्याशी."

"मला ठाऊक हाय. तुझ्या बोलण्यावरून कळायचं." बुद्धरत्न म्हणाला. "पैल्याचं गाणं चांगलं होतं. तेवढं मात्र खरं हाय."

पद्माबाई पुढे चालू लागली होती. वळणापर्यंत गेल्यावर पिराप्पाने मागे वळून पाहिलं. मांडव रिकामा झाला होता. बुद्धरत्न पँटचे पाय वर दुमडून एकटाच लांबलचक जाजम आवरत होता. एक टोक धरून ओढावं तर दुसरं तिथेच राही, मधेच चुण्या पडत.

"तू हो पुढं, अव्वा," पिराप्पा म्हणाला.

त्याने चपला काढल्या आणि पलीकडचं टोक उचललं. बुद्धरत्नने पाहिलं. मग त्यानेही आपलं टोक उचललं, जाजम ताणलं, दोनदा झटकलं. धूळ उडाली आणि खाली बसली. दोघं टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत आले.