निळ्या पट्ट्याची चप्पल

टाच. निळ्या पट्ट्याच्या चपलेतली, डाव्या पायाची, जमिनीपासून जेमतेम उचललेली — आणि तिच्या उजवीकडे सगळं पांढरं. तिथे काही होतं आणि पुसलं गेलं असं नव्हे. तिथे कधी काही नव्हतंच, असं पांढरं. त्याने फोटो खिडकीकडे धरला, मग दिव्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे. आठ महिन्यांत तो इतक्यांदा असा धरला गेला होता की त्याचा एक कोपरा मऊ पडला होता. पलीकडच्या टेबलावरून रेकॉर्डवाल्या बाईंनी मान वर केली, तसा त्याने फोटो फायलीत सारला आणि ट्रकचा चेपलेला बंपर बघत असल्यासारखा चेहरा केला. हा चेहरा त्याला आयता जमायचा, कारण पगारच त्याचा मिळत होता.

विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढायचे — समोरून एक, मागून एक, दोन्ही कडांनी, नंबरप्लेट, आणि जिथे लागलंय तिथला जवळून. अकरा वर्षं हेच. बायको चारचौघांत "हे फोटोग्राफीत आहेत" असं सांगायची आणि समोरच्याने पुढचं काही विचारायच्या आत चहाचं बघायला उठायची. त्यात तिची काही चूक नव्हती. पण मनातून त्याला ठाऊक होतं की आपण नुसते पोचे टिपायला जन्मलेलो नाही. आपल्यात काहीतरी आहे, फक्त ते बाहेर काढणारा कुणीतरी भेटायला हवा... आणि त्या कुणाच्या तरी शोधात त्याने जंग जंग पछाडलं होतं. प्रदर्शनं पाहिली, वाचनालयातली जाडजूड चित्रपुस्तकं मांडीवर घेऊन मांड्या बधिर करून घेतल्या. एकाने आयुष्यभर डोंगर काढले होते, म्हणून हा डोंगरावर गेला आणि धुकं घेऊन परतला. दुसऱ्याने म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या काढल्या होत्या, म्हणून याने सासऱ्यांच्या सुरकुत्यांचा जवळून फोटो काढून, चौकट करून, त्यांच्या वाढदिवसाला दिला. सासरे त्यानंतर दोन महिने घरी आले नाहीत, आणि तेवढाच काय तो त्या कलेचा फायदा झाला.

आणि मग — काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं — गुरू सापडला तो ऑफिसच्याच तळघरात.

जुन्या फायली दुसऱ्या खोलीत हलवायच्या होत्या, आणि त्या तात्यांच्या काळातल्या होत्या. तात्या म्हणजे त्याच्या आधीचे फोटोग्राफर. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात ऑफिसने रोलचा कॅमेरा निवृत्त केला आणि नव्या, रोल नसलेल्या कॅमेऱ्यासोबत याला आणलं, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. एक फाईल हातातून निसटली, फोटो विखुरले, तो गोळा करायला बसला... बंपर, दार, काच, नंबरप्लेट, आणि सगळ्यांत शेवटी, जोडपत्रासारखे, दोन फोटो वेगळेच. एक कोरा पांढरा. दुसऱ्यात अर्धं पांढरं आणि अर्ध्यात टाच. त्याने दुसरी फाईल उघडली. कोरा पांढरा, आणि टाच. तिसरीत नुसता अंगठा. चौथीत पुन्हा टाच, तोच निळा पट्टा, पण सावली दुसरीकडे पडलेली. तो तळघरात फायलींवर बसून राहिला आणि त्याच्या अंगावर खरंच काटा आला.

कारण त्याला समजलं होतं. असं त्याला वाटलं, आणि वाटणं नि समजणं यांत त्या वेळी त्याला फरक दिसत नव्हता. पांढरं म्हणजे आपटण्याचा क्षण. टाच म्हणजे अपघातातून चालत निघून जाणारं माणूस. आणि प्रत्येक अपघातात चप्पल तीच, कारण — इथे तो थोडा अडखळला होता, पण दोन दिवसांनी तेही सुटलं — कारण प्रत्येक अपघात हा एकच अपघात असतो. तीस वर्षं एक माणूस खाली मान घालून बंपर काढत होता आणि शेवटी, कुणाला न सांगता, फायलीच्या पोटात ही टाच ठेवून जात होता! मी अकरा वर्षं काय केलं? नंबरप्लेटी स्वच्छ पुसून घेतल्या.

मग त्याने बाजारातून निळ्या पट्ट्याच्या बायकांच्या चपला घेतल्या, सहा नंबरच्या, आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवल्या. गाडी ठोकलेल्या बाईचं कागदपत्रांचं आवरलं की तो अदबीने म्हणायचा, "जरा या घालून एक पाऊल पुढे टाकता का?" धक्क्यातून न सावरलेली माणसं काहीही ऐकतात. एकीने फक्त विचारलं होतं की याने भरपाई वाढते का. अर्धा भाग पांढरा करायचं काम तो दर रविवारी कॉम्प्युटरवर करायचा. तात्यांना हे कॅमेऱ्यातच कसं साधायचं, हे कोडं मात्र त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि त्यामुळे त्याचा आदर आणखीच वाढला.

बायकोला चपला सापडल्या तेव्हा ती त्या उलट्यासुलट्या करून म्हणाली होती, "माझा साइज नाही हा." एवढंच. तो खुलासा करणार होता, पण खुलासा मनात जुळवून बघितल्यावर त्यापेक्षा गप्प राहणं जास्त सभ्य वाटलं.

आज संध्याकाळी पाचला एका फोटोस्पर्धेची मुदत संपत होती. बारा फोटो पाकिटात तयार होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठे काही पाठवत होता, आणि ते परत आलं तर पुन्हा कधी पाठवणार नव्हता, हे त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. राहिला होता एकच कागद: दुसऱ्या कलावंताच्या कामावरून प्रेरणा घेतली असेल तर त्याचं संमतिपत्र जोडावं. आणि योग असा, की तात्या आज ऑफिसात येणार होते — आपण अजून हयात आहोत असं लिहून द्यायला, निवृत्तांना दरवर्षी यावं लागे तसे.

ते आले तेव्हा सोबत त्यांची बायको, काकू, होत्या. तात्या बुटके, गोल, घामाघूम. जिना चढून आल्याबद्दल सगळ्यांवर रागावलेले. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलायचं घोकून ठेवलेलं सगळं विसरून टाचेचा फोटो नुसता त्यांच्या हातात ठेवला. तात्यांनी तो उलटा धरला. मग सुलटा धरला.

"हे पहिले दोन आहेत," ते म्हणाले.

पहिले दोन म्हणजे काय ते त्याने विचारलं. तात्यांनी समजावलं, अगदी पोराला समजावावं तसं. रोल भरला की सुरुवातीची पट्टी उजेड लागून गेलेली असते. ती पुढे सरकवायला दोनदा बटण दाबायचं, कॅमेरा कुठेही धरून. पहिला पांढरा यायचा, दुसऱ्यात कधीमधी अर्धं काहीबाही उठायचं. आणि ऑफिसचा नियम, की रोलमधला प्रत्येक फोटो फायलीला लागला पाहिजे, नाहीतर साहेबाला संशय, हा ऑफिसच्या रोलवर घरची लग्नं काढतो.

"पण तुम्ही बघून—"

"बघून कशाला? वाया जायचे ते. एका हातात डबा, कॅमेरा पोटाशी, खाली तोंड करून. खट्, खट्, की निघालो."

त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आठ महिने... बारा फोटो, एक सिद्धान्त, सहा नंबरच्या चपला. तात्या पायजम्याच्या नाडीबद्दल बोलावं इतक्या सहज बोलत होते, आणि तो मान डोलवत होता.

काकूंनी तोवर पर्समधून चष्मा काढून फोटो आपल्याकडे ओढला होता. "ही माझी चप्पल," त्या म्हणाल्या.

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"घरातच रोल भरायचात की तुम्ही. दारात उभं राहून." मग त्याच्याकडे वळून, "लग्नाला सात वर्षं झाली तरी यांनी माझा एक फोटो काढला नव्हता. मागितला की म्हणायचे, रोल ऑफिसचा आहे. मग एकदा विचारलं, दारात दोनदा खटखट करता त्याचं काय होतं? म्हणाले, वाया जातं. म्हटलं, वायाच जाणार असेल तर माझा पाय असू दे त्यात."

"मला बोलली नाहीस कधी," तात्या म्हणाले.

"बोलले असते तर कॅमेरा दुसरीकडे धरला असता तुम्ही."

यावर तात्यांनी फोटो पुन्हा आपल्याकडे घेतला. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, आणखी आहेत का. एकशे बारा आहेत, त्याने सांगितलं, कारण त्याने ते मोजले होते. मग फायलींचा ढीग आला, आणि तात्या-काकू शेजारी बसून एकेक टाच बघू लागले. पट्टा नवा घातल्यावरची कुठली, पाय मुरगळला होता तेव्हाची कुठली, हे काकू सांगत होत्या. तात्यांना एक फोटो घरी न्यायचा होता. त्यासाठी अर्ज करावा लागेल, असं रेकॉर्डवाल्या बाई म्हणाल्या, आणि तात्यांनी स्वतःच्या बायकोच्या टाचेसाठी कारणासह दोन प्रतींत अर्ज केला.

संमतिपत्र त्यांनी हातात घेतलं नाही. "मी काही केलंच नाही. हिची सही घ्या."

काकूंनी आधी त्याचे बारा फोटो बघायला मागितले. सावकाश बघितले. "या बायकांना ठाऊक होतं ना, तुम्ही फोटो काढताय ते?"

"हो. मीच सांगायचो, पाय पुढे करा म्हणून."

"तसंच दिसतंय," त्या म्हणाल्या, वाईट न वाटू देता, आणि सही केली. कष्ट घेतलेत हो, असंही म्हणाल्या.

साडेतीनला त्याला एका शिक्षिकेच्या ठोकलेल्या गाडीचे फोटो काढायला जायचं होतं. शाळेच्या आवारात, मागचं दार आत गेलेलं. पिशवीत एका बाजूला पाकीट, एका बाजूला चपला. त्याने समोरून काढला, मागून काढला, कडांनी काढला. संताप यायला हवा होता, निदान लाज. पण डोक्यात सारखं ते खट्, खट् चाललं होतं आणि त्याखाली एक पाय, गुपचूप, दर खेपेला थोडासा पुढे... कुणी बघत नाही हे माहीत असून. नव्हे, कुणी बघत नाही म्हणूनच. आपण तात्यांचं काम चोरलं ते ठीक, पण जे चोरायला हवं होतं ते त्यांच्याकडे नव्हतंच.

"मी मध्ये येतेय का?" शिक्षिकेने विचारलं. "बाजूला होते."

"राहा," तो म्हणाला, आणि आपण अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं.

काढलेले फोटो नीट आलेत का ते बघायला त्याने कॅमेऱ्याचं मागचं बटण दाबलं. नंबरप्लेट, फोटो क्रमांक सात. दार, सहा. मागे मागे जात तो समोरच्या फोटोवर आला, तो दोन होता. एक नव्हता. साहजिकच होतं; एक तो रोज पुसून टाकायचा. सकाळी घरातून निघताना, दारातच, कॅमेऱ्यातलं कार्ड नीट बसलंय का ते बघायला एक फोटो काढायचा, कुठेही धरून, आणि जिना उतरता उतरता न बघता पुसायचा. रोज. अकरा वर्षं.

त्या वेळी बायको कुठे असते?

त्याने आठवून पाहिलं. दार आठवलं, दाराची कडी आठवली, किल्ल्या ठेवायची फळी आठवली. ती "येताना लवकर या" म्हणते, म्हणजे आवाज जवळूनच येतो... पण किती जवळून? आज सकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर, पुसायच्या आधी, खाली कडेला काहीतरी पिवळं होतं का? की ते कालचं? माझा साइज नाही हा, असं ती म्हणाली होती, आणि चपला पुन्हा पिशवीत ठेवायच्या आधी क्षणभर तिने त्यात पाय घालून पाहिला होता, हे त्याला आता आठवलं. सव्वाचार वाजले होते. स्पर्धेचं ऑफिस डाव्या हाताला होतं आणि घर उजव्या, आणि शिक्षिका अदबीने विचारत होती की झालं का. तो कॅमेरा पोटाशी धरून, दोनच्या आधी काहीतरी दिसेल म्हणून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत उभा होता.