बावीस जणांचा हंडा

मित्रांनो, माझ्यात कुणी फुलझाड लावलंय म्हणून मला कुंडी समजू नका. मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. ज्या सैन्यात मी राबलो ते सैन्य, त्याचा सम्राट, त्याचं अवाढव्य साम्राज्य, सगळं केव्हाच बुडालं. मी तेवढा उरलो, कारण मी पहिल्यापासूनच हट्टी.

माझा जन्म सारायेव्होच्या तांबट आळीतला. तीन आठवडे ठोकून ठोकून मला घडवलं, आतून लख्ख कल्हई केली. लग्नाकार्यात मी मिरवत होतो. मग पहिल्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि तोफगोळ्यांसाठी सरकारी माणसं घरोघरची तांब्याची भांडी उचलून न्यायला लागली. माझी सगळी भावंडं गेली. मला मात्र पलटणीचा आचारी रागिब यानं धरून ठेवलं. "याचे गोळे केलेत, तर पलटणीनं काय गोळे खायचे?" असं त्यानं अधिकाऱ्याच्या तोंडावर विचारलं. अधिकारी हसला आणि मी वाचलो.

आमची पलटण बोस्नियाची. मुसलमान, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सगळे एकाच रांगेत, सगळ्यांच्या डोक्यावर एकच लाल टोपी. सम्राट जर्मन बोलणारा, म्हणून हुकूम जर्मन भाषेत यायचे, शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. हंडे मात्र दोन होते. एक बिडाचा, ख्रिस्ती शिपायांचा, त्यात डुकराची चरबी पडायची. दुसरा मी, मुसलमान शिपायांचा. माझा डाव वेगळा, माझी पळी वेगळी. रागिब मला कुणाला हात लावू देत नसे.

लढाईचं तिसरं वर्ष सरलं. म्हातारे सम्राट वारले, नवे आले, कालवण मात्र तितकंच पातळ राहिलं. आम्ही इटलीच्या सीमेवरच्या सोचा नदीच्या वर, एका डोंगराच्या पोटात चूल मांडून होतो. आमच्या वर, अगदी कड्याच्या टोकाला, आमच्याच पलटणीचे बावीस मुसलमान शिपाई चौकी धरून बसले होते. बर्फ कोसळून शिधा वर ओढून नेणारा दोरखंड तुटला होता आणि तीन दिवस त्यांच्या पोटात गरम असं काही गेलं नव्हतं. आणखी एक दिवस असा गेला असता, तर त्यांचे हातपाय गारठून गेले असते. पायवाट इटालियन बंदुकांच्या अगदी समोर होती. सकाळचं धुकं असेपर्यंतच चढता येई, आणि दुपार व्हायच्या आत धुकं हटे.

त्या सकाळी रागिब लाकडं आणायला गेला आणि माझ्यापाशी व्होंद्रा राहिला. व्होंद्रा चेक, दुसऱ्या हंड्याचा आचारी, नुकताच आलेला. मनानं लोण्यासारखा माणूस! त्याच्या आईनं घरून डुकराच्या चरबीचा एक डबा पाठवला होता. त्यानं तो महिनाभर बोटभरसुद्धा चाखला नव्हता. घेवड्याचं ते पाणचट कालवण बघून त्याला वरच्यांची कीव आली, आणि त्यानं अख्खा डबा माझ्यात उपडा केला.

मी ओरडणार कसा? रागिब परत आला, वास घेतला, आणि लाकडं त्याच्या हातातून खाली पडली.

"काय घातलंस?"

"चरबी. आईनं पाठवलेली," व्होंद्रा खुशीत म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "अरे देवा! रागिब, माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

"डोकं आहे की बटाटा?"

"ऐक तर. मी नाही बोललो, तू नाही बोललास, तर वर कुणाला कळणार? धुकं फार वेळ टिकायचं नाही. आणि तुमचे इमामच म्हणाले होते ना, जीव जात असेल तर चालतं?"

"चालतं, पण माणसाला सांगून. न सांगता नाही."

"मग सांगू त्यांना."

"सांगितलं तर निम्मे खातील, निम्मे उपाशी राहतील, आणि पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघणार नाहीत. अरे, माझ्या हातचं ते डोळे मिटून खातात. दुसरं त्यांच्याकडे उरलंय काय इथं?"

बास. रागिबनं बाह्या सरसावल्या. माझ्यातलं कालवण त्यानं बिडाच्या हंड्यात ओतलं, खालचे ख्रिस्ती शिपाई त्या दिवशी सण असल्यासारखे जेवले. मग मला पालथा केला. चुलीतली राख आणि वितळलेलं बर्फ घेऊन त्यानं मला घासायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, सात वेळा. त्याच्या नखांतून रक्त आलं. व्होंद्रा जवळ येऊन उभा राहिला.

"मी घासू?"

"आधी हात घास," रागिब गुरगुरला. व्होंद्रानं कोपरापर्यंत हात राखेनं घासले आणि मग दोघंही माझ्यावर तुटून पडले. मित्रांनो, अंग सोलून निघत होतं, पण मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, घासा, आणखी घासा!

उकडून ठेवलेला उरलासुरला सगळा घेवडा माझ्यात भराभर शिजला, दाट, मीठ-कांदा घातलेला. झाकण आवळून मला दांड्याला बांधलं. पुढे रागिब, मागे व्होंद्रा. "तू कशाला येतोस?" रागिब म्हणाला. "चूक माझी, चढ पण माझा," व्होंद्रा म्हणाला.

अर्ध्या वाटेवर धुकं फाटलं. समोरून बंदुका वाजल्या, आणि एक गोळी माझ्या कुशीत शिरून कालवणात रुतली. कढत धार बाहेर उडाली. व्होंद्रानं एक हात दांड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सरळ त्या भोकात घातला.

"चिंधी कोंब, वेड्या! भाजशील!"

"चिंध्या सगळ्या मळक्या आहेत. पुन्हा घाण नाही करणार मी. तू चल!"

तो विव्हळत होता, रडत होता, त्याच्या भाषेतल्या साऱ्या शिव्या त्यानं संपवल्या, पण अंगठा काढला नाही. अर्धा तास आम्ही तसेच चढलो.

वर बावीस जण वाट्या घेऊन पुढे आले. त्यांचा म्होरक्या मुहरेमआगा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. रागिबनं झाकण काढलं, पण व्होंद्रा मध्ये उभा राहिला.

"थांबा. आज सकाळी मी या हंड्यात डुकराची चरबी घातली होती. चुकून. यानं ती काढून हंडा सात वेळा घासला. मीही घासला. आता खायचं की नाही, तुम्ही ठरवा."

भुकेनं खोल गेलेले बावीस चेहरे माझ्याकडे बघत होते. रागिबनं मान खाली घातली. मुहरेमआगा पुढे आला, त्यानं व्होंद्राचं मनगट धरून अंगठा बाहेर काढला आणि नीट पाहिला. त्यावर कातडी उरली नव्हती. आगानं भोकावर स्वतःचा तळहात दाबला आणि रागिबकडे वळला.

"बघतोस काय? वाढ. आधी याला."

माझ्यातला पहिला डाव त्या दिवशी एका चेक माणसाच्या वाटीत पडला. मग बाकीच्यांनी वाट्या पुढे केल्या, बावीसच्या बावीस.

पुढच्या वर्षी साम्राज्य मोडलं. एका हंड्याभोवती बसणारी माणसं वेगवेगळ्या देशांच्या गाड्यांत चढून गेली. त्यांच्या राजांनी त्यांच्यापासून काय काय लपवलं, ते मला ठाऊक नाही. मी एक भांडं आहे, मला जेवणातलं कळतं. म्हणून तेवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या हातून कुणाच्या ताटात चूक झाली, तर भांडं घासा, पुन्हा रांधा, आणि ताट पुढे ठेवण्याआधी त्याला खरं काय ते सांगा. तो भुकेला असला तरी सांगा.