कानावरची सवत

मित्रांनो, मी तांब्याची भांडी मठारणारी हातोडी. जुनी आहे, पण बोथट नाही. भांड्यावर एकसारखे ठोके मारून त्याला खळ्या पाडायच्या, त्याला मठारणं म्हणतात. हे काम मी एकाच माणसाच्या हातून चाळीस वर्षं केलं. माझ्या लाकडी दांड्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याचा खड्डा पडला आहे. दुसऱ्या कुणाचा अंगठा त्यात नीट बसत नाही.

आमच्या भांड्यांचं लोक तोंड भरून कौतुक करायचे आणि मी फुगायची. एक गोष्ट मात्र कुणी बोलायचं नाही. माझ्या ठोक्यांनी मिस्त्रींचे कान गेले. आधी थोडे, मग पुरते. मग मालकीणबाईंनी पाटी आणली. सात वर्षं त्या नवऱ्याशी पाटीवर लिहून भांडल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला बरंच वाटलं. मिस्त्रींना जगातला एकच आवाज उरला होता. तो माझा, आणि तोही तळहाताला कळणारा.

मग ती आली. डॉक्टरांनी कानामागे चिरून आत बारीक तार बसवली आणि बाहेर कानावर ही बया चढली. बोटाच्या पेराएवढं यंत्र आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी चकती. गेलेल्या कानांना पुन्हा ऐकवणारं कॉक्लिअर इम्प्लांट म्हणे! तिला निजायला मऊ डबी. मला चाळीस वर्षांत कुणी साधं फडकं पांघरलं नाही.

पण तिचं नि माझं जमेना. मी भांड्यावर पडले की मिस्त्री कळवळायचे. प्रत्येक ठोक्याला ती घाबरून सगळेच आवाज क्षणभर खाली ओढायची, त्यात माणसाचं बोलणंही बुडायचं. मग दुकानात आल्या आल्या मिस्त्री तिला उतरवून डबीत टाकायचे. मी मनात म्हणायची, बस तिथंच.

दुकानात सून काम शिकत होती. "बाबा, इथं पत्रा पातळ झालाय का?" असं ती तीनतीनदा विचारायची आणि मिस्त्री खाली मान घालून ठोकत राहायचे.

एक दिवस मालकीणबाई सुनेला म्हणाल्या, "अगं, भिंतीला विचारून कुणी काम शिकतं का? यंत्रवाल्या मॅडमकडे एकदा शेवटचं जाऊ. नाही जमलं तर दुकान बंद. मला माझा माणूस बोलता हवाय."

मॅडमनी सांगितलं होतं, ज्या आवाजाचा त्रास होतो तो सोबत आणा. म्हणून मला पिशवीत घातलं. मला वाटलं, माझाच सत्कार आहे. तिथं ऐरण आणि पत्रा मांडलेला पाहिला, तेव्हा कळलं की मी आरोपी आहे. आणि तेव्हाच माझ्या टाळक्यात दुसरा उजेड पडला. सवत नापास झाली तर दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे मी भंगारात.

मॅडमनी यंत्रात एक नवी सोय चालू केली. अचानक येणारा कडक आवाज तेवढाच मऊ करायचा, बोलणं आहे तसं ठेवायचं.

"काका, ठोके थांबवू नका. काकू, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरा आणि काहीही बोला."

मी पडू लागले. टण्, टण्. कागदामागून मालकीणबाई म्हणाल्या, "तुमचा तो निळा सदरा मी भंगारवाल्याला दिला."

एकही ठोका न चुकवता मिस्त्री म्हणाले, "का दिलास? खिसे चांगले होते की त्याचे."

कागद हळूच खाली आला. मालकीणबाईंचे डोळे भरले होते, पण जीभ तिखटच. "नाही दिला. आता घरी जाऊन देते."

मिस्त्रींनी मग मला एकदा पत्र्याच्या कडेला आणि एकदा मध्ये हलकेच आपटलं. डोकं कलतं करून ऐकलं. "आधी ही डोक्यात खिळ्यासारखी घुसायची," ते म्हणाले. "आता पत्रा कुठं पातळ आहे ते सांगतेय."

माझा आवाज त्यांना परत मिळाला, तोही सवतीच्या हातून. याहून मोठा अपमान कोणता?

आता दुकानात सून विचारते आणि मिस्त्री ठोकता ठोकता उत्तर देतात. सुनेच्या कानात बोळे असतात. मिस्त्रींनी स्वतः आणून दिले.

मित्रांनो, माझ्या बहिणी हातात घ्याल तेव्हा कान आधी झाका. आणि असं यंत्र लावलेलं माणूस जवळ असेल तर दार आपटू नका, ताटल्या आदळू नका. सवत बरंच झेलते, पण सगळं नाही.

मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? तिला डबी आणि मला उघडी ऐरण. पण सकाळी ती कानावर चढल्याशिवाय मिस्त्री मला हात लावत नाहीत. म्हणून रोज त्या डबीचं झाकण उघडायची वाट सगळ्यांच्या आधी मीच बघत असते.