दार अडवणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. एका खोलीच्या घरात, दाराशेजारच्या भिंतीला मला दोन बिजागऱ्यांनी जोडलं आहे आणि दोन साखळ्यांनी तोलून धरलं आहे. वर उचललं की मी भिंतीला चिकटते, खाली घेतलं की टेबल होते.

मला बसवणारा सुतार या घरातल्या बाबांचा जिवलग मित्र. कामात एकदम वाकबगार, पण त्या दिवशी त्याने माप घेतलं ते दार लावून! सगळ्यांनी माझं कौतुक केलं, सुतार घरी जायला निघाला, तर दार उघडेना. मी खाली असले की ते चार बोटांपलीकडे सरकतच नाही. बिचारा ओशाळून गेला. बाबा हसून म्हणाले, असू दे, चोराचीही पंचाईत होईल.

त्या खोलीत मी काय नाही केलं? सकाळी आई माझ्यावर इस्त्री करायची, दुपारी गिऱ्हाइकांचे कपडे बेतायची. संध्याकाळी आई-बाबांची मुलगी माझ्यावर अभ्यास करायची. ती सदा काहीबाही गोळा करून आणायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. बाहेरून येणारा आधी "फळी?" अशी हाक मारायचा आणि आतून "ये" ऐकू आलं तरच दार ढकलायचा. जेवणाच्या वेळी तर सगळे घरात आल्याशिवाय मला खाली घेताच येत नसे. पोटात कावळे ओरडायला लागले की सगळे माझ्या नावाने बोटं मोडायचे.

मग बाबांचे वडील राहायला आले. आजी गेल्यावर ते एकटे पडले होते. त्यांचं अंथरूण घातलं की बाबांना माझ्याखालच्या अरुंद जागेत पाय आखडून झोपावं लागे. आजोबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी बागेतल्या बाकावर जाऊन बसू लागले. "तुम्ही जेवून घ्या, माझं यायचं काही नक्की नाही," असं जाताना सांगायचे. त्यांची कपड्यांची पिशवी माझ्याखाली असायची. एके दिवशी त्यांनी ती भरून तिच्या तोंडाला घट्ट गाठ मारली. ते कायमचे निघून जायच्या बेतात होते आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी आजोबा उशिरा येतील असं समजून बाबांनी मला खाली घेतलं. आईने ताटं वाढली. तेवढ्यात दाराची कड मला लागली, अगदी हळूच. हाक आली नाही. दार पुन्हा मिटलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पण मुंगीच्या पेल्यातलं पाणी हललं. "आजोबा आलेत," ती म्हणाली. आईला वाटलं, वारा असेल. मुंगी ऐकेना. तिने एकेक ताट उचलून जमिनीवर ठेवलं, मला वर केलं आणि दार उघडलं. आजोबा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाठमोरे बसले होते.

"हाक का नाही मारलीत?" बाबांनी विचारलं.

"जेवत होतात ना. माझ्यापायी कशाला उठवायचं?"

बाबांनी त्यांना हात धरून आत आणलं. दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले. मला वीतभर कापलं की दार मोकळं होणार होतं. त्यांनी पेन्सिलीने रेघही मारली. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? तरी मनात म्हटलं, कापा, पण त्यांना बाहेर बसू देऊ नका.

आजोबांनीच करवतीवर हात ठेवला.

"कापू नकोस," ते म्हणाले. "दार केव्हाही उघडायला लागलं, तर जेवायला माझी वाट कोण बघणार?"

बाबांनी करवत खाली ठेवली. आई वाकली, माझ्याखालची पिशवी ओढून तिने गाठ सोडली आणि बाबांचे सदरे एका बाजूला सारून आजोबांचे कपडे कपाटात लावले.

मित्रांनो, लहान घरात एकमेकांचे पाय लागतात, कुरकुर होते, ते मी नाकारत नाही. माझ्यासारख्या जुन्या फळीच्या बिजागरीला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, ओलं भांडं तिच्यावर ठेवू नका. आणि ताटं मांडण्याआधी एकदा दार उघडून बघा. बाहेर आपलंच कुणीतरी हाक न मारता उभं असेल.