विरजणाचं माहेर

आकडा खोटं बोलत नाही, असं मी बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात जन्मभर शिकवत आले. आमच्याच समाजशास्त्र विभागातल्या गायत्रीचा भरवसा माणसांच्या गप्पांवर. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा अभ्यास आम्ही दोघींनी मिळून घेतला, तेव्हा कोण कुणाला आधी खाते यावर स्टाफरूममध्ये पैजा लागल्या असतील.

तुकईथड गावच्या सोजरबाईंबाबत मात्र आमचं एकमत झालं. तुमच्याकडे कोण येतं, तुम्ही कुणाला काय देता, अडीनडीला कोण? माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं, "कोनी नाही वो बाई." गायत्री चहा पीत तासन्‌तास बसली, तिलाही तेच ऐकायला मिळालं. म्हणजे आधार शून्य. शून्य आलं की त्या माणसाला विचारून घरच्यांना कळवायचं, हा आमचाच नियम. सोजरबाई सांगा म्हणाल्या, आम्ही सांगितलं.

मुलगा निरंजन, बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यात कापडाचं दुकान. भला माणूस. फोनवरच तो, रविवारी गाडी आणतो, आईला कायमची नेतो, घराला कुलूप लावतो म्हणाला. सोजरबाई "बरं" म्हणाल्या आणि ताटावरून तशाच उठल्या. त्यांना जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण राहायचं कुणासाठी, ते काही त्या सांगेनात.

मला छळत होता एक आकडा. घरात माणूस एक, चहा बिनदुधाचा, आणि दूध रोज दोन लिटर! बाईंचा हिशेब चुकला असेल, असं म्हणून मी तो खोडायला निघाले. गायत्रीनं माझा पेनाचा हात धरला. "तुझा आकडा खोटं बोलत नाही ना? मग बघू तरी." त्यांच्या घरासमोर शाळा आहे. सकाळी आम्ही शाळेच्या ओसरीवर, कुणाला काही न विचारता, नुसत्या बसलो. दोघींनाही हे नवीनच होतं.

बाया येत होत्या. सोजरबाईंच्या ओट्यावर रिकामी वाटी ठेवून, मागं न बघता निघून जात होत्या. मग सोजरबाई बाहेर आल्या, प्रत्येक वाटीत चमचाभर दही घातलं आणि आत गेल्या. बाया परतल्या, वाट्या पदराखाली झाकून चालत्या झाल्या. कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यांतल्या मंगलाला आम्ही गाठलं. देणारीनं कधी बोलायचं नाही, मी विरजण दिलं असं म्हटलं की दही लागत नाही, अशी इथली रीत तिनं सांगितली. घेणारीनं सांगितलं तर चालतं. "आमाले कोनी विचारलंच नाही," ती हसत म्हणाली.

खरंच होतं. देणाऱ्यांनाच विचारत बसलो होतो आम्ही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मग घरोघर एकच प्रश्न घेऊन फिरलो, तुमचं विरजण कुठून आलं? शाळा सुटल्यावर ओसरीच्या फरशीवर मी खडूनं घरं काढत गेले, गायत्री सांगेल तशा रेघा ओढत गेले. वरची आळी, खालची आळी, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ. सुतक फिटलं की जुनं विरजण फेकून नवं आणायचं, तेही इथूनच. सासरी जाताना पोरींनी डब्यात नेलेलं, खकनारला, तापीपलीकडे जैनाबादला. कुठलीही रेघ धरून मागं जावं, तर ती सोजरबाईंच्या दारात यायची. एवढं मोठं गोत, आणि माझ्या कागदावर शून्य! गायत्रीचे डोळे भरले होते. आयुष्यात इतकं सुंदर मी काही मोजलं नव्हतं.

रविवारी निरंजन आला. सोजरबाईंचं गाठोडं तयार होतं. त्यानं शेवटचं विचारलं, "आई, इथे तुझं कोण आहे?"

"कोनी नाही रे."

गावाचं दही नासू नये म्हणून ही बाई घर सोडायला निघाली होती. मला राहवेना. मी निरंजनला ओसरीवर नेलं, खडूच्या रेघा दाखवल्या आणि विचारलं, तुमच्या घरी विरजण कुठून येतं? तो रेघांपाशी उकिडवा बसला.

"इथूनच," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हापासून." माझ्या हातातला खडू घेऊन त्यानं इतवाऱ्याची रेघ स्वतः ओढली.

सोजरबाई दारातून ऐकत होत्या. "बोलल्या ना तुमी माझ्या वतीनं," त्या मला म्हणाल्या. "आता दही काई लागत नाही."

निरंजननं गाडी वापस पाठवली आणि मुक्कामाला राहिला. आम्हीही राहिलो. मी, आकड्यांची बाई, त्या रात्री एका भांड्यातल्या दुधासाठी देवाला हात जोडून झोपले.

सकाळी सोजरबाईंनी भांड्यावरची ताटली काढली. घट्ट, खाप निघावी असं दही लागलं होतं. त्यांनी ते डोळे भरून पाहिलं, मग ओट्यावरच्या वाट्यांकडे पाहिलं, आणि पळी निरंजनच्या हातात दिली.

"घाल," त्या म्हणाल्या. "पन बोलू नको."