समोर बसणारीची तलवार

माझ्या मावशीकडे एक सुरी होती. इतकी धारदार, की जवळून माशी गेली तर तिच्या दोन माश्या व्हायच्या, आणि मग साखरेवर आधी कोणी बसायचं यावरून त्या दोघी भांडायच्या. माझी नात लहान असताना हे ऐकून डोळे मोठे करायची. आता म्हणते, "आजी, मागच्या वेळी डास होता."

थापा मारण्यात मजा असते, पण एक पंचाईतही असते. कधीतरी खरं बोलायची पाळी येते, आणि समोरचा आधीच हसायला लागलेला असतो.

नातीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो. सायकली दुरुस्त करते. हातांना कायम ग्रीस, आणि दोन वर्षं झाली, त्याच हातांनी जपानी तलवार शिकते. म्हणजे लाकडाची. शिकवणाऱ्या बाई दिवसा दातांच्या डॉक्टर. माझी कवळी त्यांनीच केलेली, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही. त्यांनी सांगितलं, येत्या रविवारी भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापायच्या, तर आता पोलादी तलवार आणा. परवडणारी आणा, पण खरी आणा. जिची तलवार पास होणार नाही, तिने पुढच्या वर्षापर्यंत लाकूडच फिरवायचं. भिंगरीची झोपच उडाली.

त्या क्लासात एक रीत आहे. तलवार जी फिरवणार, तिने पास करायची नाही. तिच्या घरचं माणूस समोरच्या बाकावर बसतं, त्याने पास करायची. बाई म्हणतात, "धरणारा प्रेमात पडलेला असतो. समोर बसणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं, आणि त्याला ते तिथंच ठेवायचं असतं."

भिंगरीच्या घरचं रिकामं माणूस मीच. मग बाईंनी मला शिकवलं. पात्याच्या पाठीवरून नजर सरळ टोकापर्यंत गेली पाहिजे. मुठीत एक बांबूची खुंटी असते, ती घट्ट पाहिजे. तलवार कानाशी धरून हलवली तर आवाज येता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खुंटी काढली की मूठ निघाली पाहिजे, म्हणजे पात्याचं शेपूट आत किती लांब गेलंय ते दिसतं. "दाताचं जसं मूळ," त्या म्हणाल्या. "चमकतं ते वर, धरून ठेवतं ते आत. ते आखूड असलं, तर वार करताना पातं सुटून थेट समोरच्या बाकावर."

तलवारींच्या दुकानात शिरलो तर भिंगरीची नजर पहिल्याच तलवारीवर खिळली. काळं चकचकीत म्यान, त्यावर सोनेरी अजगरासारखा काहीतरी प्राणी, पात्यावर पाण्याच्या लाटेसारखी नक्षी. शेजारी एक तपकिरी म्यानाची पडली होती, मुठीची दोरी राखाडी, पावसात विसरलेल्या छत्रीसारखी. किंमत दोन्हींची साधारण सारखीच. खऱ्या जुन्या तलवारी काचेआड होत्या, त्यांच्याकडे आम्ही पाहिलंसुद्धा नाही. उगाच मन कशाला दुखवून घ्या?

"आजी, ही बघ ना!" भिंगरीने अजगरवाली उचलली. माझ्याकडे देताना तिचा हात सुटेना.

मी पाठीवरून नजर टाकली. सरळ होती. कानाशी धरून हलवली. टक.

"भिंगरी, वाजतंय."

"काय वाजतंय?"

"मुठीत. टक करतंय."

"तुझी कवळी असेल."

दुकानदार हसला. "आजी, नवीन माल आहे. नवीन माल वाजत नाही."

मी रुमाल काढला, त्यात कवळी काढून ठेवली आणि रुमाल दुकानदाराच्या हातात दिला. तो बिचारा दोन्ही हात लांब करून उभा, जणू काही मी त्याला जिवंत बेडूक दिलाय. मग मी तलवार भिंगरीच्या कानाशी धरली आणि हलवली.

टक.

तिने ऐकलं. तोंडावरून कळलं की ऐकलं. पण प्रेम असं लगेच थोडंच उतरतं?

"थोडासाच आहे," ती म्हणाली. "एक बारीक पाचर ठोकीन. सायकलला करतो की आम्ही."

मी कवळी परत घेतली, धुवायची सोय नव्हती म्हणून तशीच बसवली. म्हटलं, "दादा, खुंटी काढून मूठ उघडून दाखवा."

"ही उघडत नाही, आजी. फॅक्टरीतच डिंक लावून पक्की केलीय. मजबुतीसाठी."

"पक्की केलीय आणि वाजतेय?"

"ताई, तुम्ही फिरवून बघा ना," तो भिंगरीला म्हणाला. "हातात बसली की शंकाच राहणार नाही."

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यासाठी मोकळी जागा होती. भिंगरी तिथं जाऊन उभी राहिली, पाय फाकवले, तलवार डोक्यावर नेली. काय सुंदर दिसत होती! दोन वर्षं लाकूड फिरवून खांद्याला जो डौल आलाय, तो त्या चकाकत्या पात्याखाली मी पहिल्यांदा पाहिला. माझ्याही मनात आलं, घेऊ दे. किती दिवस वाट पाहिलीय पोरीने. एक टक तर आहे.

मग मी जाऊन तिच्या समोर उभी राहिले. लांब, भिंतीशी, क्लासात बाक जेवढ्या अंतरावर असतो तेवढ्या.

"आजी, बाजूला हो."

"का गं? रविवारी मी इथंच बसणार."

"अगं पण..."

"पाचर मारणार आहेस ना? मारलीस समज. फिरव."

ती हात वर धरून तशीच उभी. मी काही गोष्ट सांगितली नाही. खरं तर जिभेवर एक आली होती, पण गिळली. नुसती उभी राहिले.

भिंगरीचे हात हळूहळू खाली आले.

"सायकलचा एक नट ढिला असला," ती स्वतःशीच म्हणाली, "तर मी गिऱ्हाईकाला सोडत नाही."

तिने तलवार म्यानात घातली. म्यानावरच्या त्या प्राण्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि काउंटरवर ठेवली. डोळे पाणावले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"ती राखाडी दाखवा," ती म्हणाली.

राखाडीची खुंटी दुकानदाराने लहानशा हातोडीने टिचकी मारून काढली. मूठ निघाली, आणि आत ते शेपूट, काळपट, ओबडधोबड, पण जाड आणि पार मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. कुणाला दाखवायला केलेलं नव्हतंच ते. भिंगरी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिथंच तिचं दुसरं प्रेम जमलं, पण ती ते कबूल करणार नाही.

रविवारी हॉलमध्ये बाईंनी राखाडी तलवार उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता परत दिली. त्यांच्या दवाखान्यातसुद्धा त्या काही बोलल्या नाहीत की समजायचं, सगळं ठीक आहे.

भिंगरीची पाळी आली. चटईची गुंडाळी खुंट्यावर उभी होती, खाली पाणी ठिबकत होतं. ती जागेवर गेली, थांबली, आणि माघारी वळून थेट माझ्या बाकाशी आली. दोन्ही हातांनी तलवार पुढे केली.

"आजी, ऐक."

मी कवळी काढली. हॉलभर हशा पिकला, भिंगरी मात्र हसली नाही. मी तलवार कानाशी धरली, हलवली, पुन्हा हलवली. नंतर खुंटीवर अंगठा दाबून पाहिला.

मी मान हलवली. नाही. काही वाजत नाही.

तिने एवढंच पाहिलं आणि गेली. पहिल्या वाराला पातं चटईत अर्ध्यावर अडकलं. दुसऱ्याला वरचा तुकडा खाली पडला, फार सफाईने नाही, कडेला धागे लोंबत होते.

शेजारणीला मी सांगितलं, की चटई कापली गेलीय हे चटईला मंगळवारी कळलं. ती हसून लोटपोट झाली. भिंगरीने तेवढ्यात चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "हे खोटं आहे हं मावशी. पण तलवारीचं विचाराल, तर आजीलाच विचारा."